विस्मयाचे आधार

१

रसिकांमध्ये मतभेद असणे ही साहित्यव्यवहारातील नित्याची गोष्ट आहे. तथापि अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या दोन प्रकारांबाबत हे मतभेद ज्या टोकाला जातात, त्या टोकाला ते सामाजिक कादंबरीच्या किंवा भावकवितेच्या बाबतीत क्वचितच जातात. सामाजिक कादंबरी न आवडलेला वाचक ती बेताची आहे असे म्हणून थांबतो. अद्भुतकथा न आवडलेला वाचक मात्र पुस्तक खाली ठेवून ते आवडणाऱ्या माणसाविषयीच शंका घेऊ लागतो. उलट ज्याला ती आवडते, तो न आवडणाऱ्याला अरसिक ठरवून मोकळा होतो. चित्रपटाच्या बाबतीतही हेच घडते. एकाच पडद्यासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाला विश्वाचे गूढ उकलल्यासारखे वाटते, तर दुसऱ्याला आपला वेळ फुकट गेला असे वाटते.

या टोकाच्या मतभेदाचे एक ठळक उदाहरण १९५६ सालचे आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या बृहत्कथेचे तिन्ही खंड १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत प्रसिद्ध झाले होते. जानेवारी १९५६ मध्ये कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तिसऱ्या खंडाचे परीक्षण लिहिले. त्यांनी या ग्रंथाचा गौरव तर केलाच. शिवाय त्याच्याविषयी मध्यम मत असलेला माणूस आपल्याला जवळजवळ भेटतच नाही, असे निरीक्षणही नोंदवले. याची प्रचीती एप्रिलमध्येच आली. अमेरिकेतील त्या काळचे अग्रगण्य समीक्षक एडमंड विल्सन यांनी 'द नेशन' या साप्ताहिकात त्याच ग्रंथावर कठोर टीका केली. आपल्या सात वर्षांच्या मुलीला आपण हे सारे मोठ्याने वाचून दाखवले आहे, असे सांगूनच त्यांनी हा ग्रंथ बालिश ठरवला. ऑडन हे विसाव्या शतकातील एक थोर कवी. विल्सन हे 'ॲक्सल्स कॅसल' या १९३१ च्या ग्रंथाद्वारे जॉइस, प्रूस्त, एलियट यांच्या आधुनिकतेची ओळख इंग्रजी वाचकाला करून देणारे समीक्षक. यांपैकी कोणाला अडाणी म्हणावे?

कालिदासाने 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात असाच पेच मोठ्या नाजूकपणे सोडवला आहे. इंदुमतीच्या स्वयंवरात सुनंदा तिला एकेका राजापुढे नेते. अंगदेशाच्या राजावरून इंदुमतीची दृष्टी पुढे जाते, तेव्हा कवी सांगतो की तो राजा काही अस्पृहणीय नव्हता आणि तिला पारख नव्हती असेही नाही. लोकांची रुचीच भिन्न असते. भिन्न रुचीचे हे वचन आपण नेहमी उद्धृत करतो, पण त्याच्या आधीची दोन नकारात्मक विधाने विसरतो. वस्तूत उणेपणा नाही आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीतही नाही, तरीही नकार संभवतो, हे कालिदासाचे खरे म्हणणे आहे. असा नकार संभवतो कसा, हे मात्र कवीने सांगितलेले नाही. ते सांगणे समीक्षेचे काम आहे.

२

समीक्षा हे काम सहसा टाळते. त्यासाठी तिच्यापाशी दोन सोपे मार्ग आहेत. पहिला मार्ग विल्सन यांचा. ही रुची अपक्व आहे, तिचे स्थान बालवयात किंवा फावल्या वेळात आहे, असे म्हणून प्रश्न निकालात काढायचा. आपल्या विद्यापीठांतील अभ्यासक्रमांनी दीर्घकाळ हाच मार्ग पत्करला. कथा म्हणजे वास्तवाचे दर्शन, हे गृहीत धरल्यावर नारायण धारप यांच्यासारखा लेखक ग्रंथालयात सर्वाधिक वाचला गेला तरी वाङ्मयेतिहासात त्याच्या वाट्याला एखादी ओळ येणार, हे ठरलेलेच होते. दुसरा मार्ग याच्या उलट दिसतो, पण त्याचा परिणाम तोच होतो. आवड ही ज्याची त्याची असते, तिच्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही, असे म्हणून उदारपणे गप्प बसायचे. पहिल्या मार्गात वाचकाचा अपमान आहे, तर दुसऱ्यात कलाकृतीविषयीची उदासीनता आहे. दोन्ही मार्गांनी संवाद थांबतो. आपल्याला काय आवडले हे सांगणारा विद्यार्थी ते का आवडले हे सांगण्यापाशी अडखळतो, याचे एक कारण असे की त्यासाठी लागणारी भाषा आपण त्याच्या हाती दिलेली नाही.

ही भाषा पाश्चात्त्य समीक्षेत शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते महत्त्वाचेही आहेत. कोलरिजने १८१७ मध्ये मांडलेली, अविश्वास स्वेच्छेने दूर ठेवण्याची कल्पना सर्वपरिचित आहे. टॉल्किन यांना ती अपुरी वाटली. १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की अविश्वास प्रयत्नाने बाजूला ठेवावा लागत असेल तर कलेची जादू तुटलेलीच असते. यशस्वी कथाकार एक दुय्यम सृष्टी निर्माण करतो आणि तिच्या आत असेपर्यंत वाचक तिच्यावर खराखुरा विश्वास ठेवतो. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताचे लक्षण वाचकाच्या दोलायमानतेत पाहिले: घडले ते नैसर्गिक की अतिमानवी, हा निर्णय लांबणीवर पडलेला असतो तोवरच अद्भुत टिकते. दार्को सुविन यांनी १९७० च्या दशकात विज्ञानकथेची व्याख्या करताना बुद्धिगम्य अपरिचितीकरणावर भर दिला. या सर्व मांडण्यांत एक गोष्ट समान आहे. त्या विश्वास कसा निर्माण होतो हे सांगतात, पण एकाच कृतीवर एकाचा विश्वास बसतो आणि दुसऱ्याचा बसत नाही तो का, याकडे त्यांचे लक्ष गौणपणेच जाते.

या प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारा विचार आपल्या परंपरेत आहे, आणि तो अभिनवगुप्ताचा आहे.

३

भरताच्या रससूत्रावरील भाष्यात अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिलेच विघ्न 'संभावनाविरह' हे आहे. जे समोर मांडले जात आहे ते संभवनीयच वाटले नाही, तर प्रेक्षकाचे मन त्यात प्रवेशच करू शकत नाही. मग विश्रांतीची, म्हणजे आस्वादाची, गोष्ट दूरच. या विघ्नावर अभिनवगुप्ताने दोन उपाय सांगितले आहेत. विषय लोकसामान्य असेल तर हृदयसंवादाने काम भागते. आपल्यासारख्याच माणसाचे सुखदुःख आपल्या हृदयात सहज प्रतिध्वनित होते. परंतु विषय अलौकिक असेल, समुद्र ओलांडण्यासारखी कृत्ये दाखवायची असतील, तर तेथे रामासारख्या प्रख्यात नायकाचे नाव घ्यावे लागते. अखंड प्रसिद्धीमुळे प्रेक्षकाच्या मनात त्या नावाविषयीचा प्रत्यय आधीच खोलवर रुजलेला असतो आणि त्या प्रत्ययाच्या बळावर तो असाधारण घटना स्वीकारतो.

या विवेचनाचे महत्त्व असे की संभवनीयता ही येथे केवळ वस्तूचा गुण राहत नाही आणि केवळ प्रेक्षकाच्या मनाचा लहरी कलही ठरत नाही. ती दोहोंच्या मधल्या एका सामायिक ठेव्यावर अवलंबून असते. त्या ठेव्याला अभिनवगुप्त 'प्रसिद्धी' म्हणतो. नाटककार त्या ठेव्यातून उचल घेतो, आणि तो प्रेक्षकापाशीही असेल तरच व्यवहार पुरा होतो. सगळ्या प्रेक्षकांपाशी रामकथा होती, तेव्हा हा व्यवहार निर्वेध चालला. समाजातील प्रसिद्धीचे ठेवे अनेक झाले आणि ते वेगवेगळ्या माणसांपाशी विभागले गेले, की रुचिभेद अटळ होतो. आधुनिक काळात नेमके हेच झाले आहे.

या दृष्टीने पाहिले तर अद्भुताला आज तीन आधार उपलब्ध आहेत. पहिला आधार पुराणाचा, दंतकथेचा, लोकपरंपरेचा. हा जुना आधार. दुसरा विज्ञानाच्या प्रतिष्ठेचा. सूत्र समजले नाही तरी सूत्र आहे या जाणिवेनेच आजचा वाचक कितीतरी असंभाव्य गोष्टी मान्य करतो. रामाच्या नावाने जे कार्य केले, ते आज सापेक्षतेच्या किंवा पुंजसिद्धांताच्या नावाने होते. तिसरा आधार कथेने स्वतः घालून घेतलेल्या नियमांचा. टॉल्किन ज्याला दुय्यम सृष्टी म्हणतात तिची सुसंगती, तिचे भूगोल, भाषा आणि इतिहास यांनीच तिची प्रसिद्धी निर्माण होते. या तिहींच्या बरोबरीने हृदयसंवाद हा चौथा आणि सर्वांत पुरातन मार्ग असतोच. कोणता वाचक यांपैकी कोणत्या आधारावर भार टाकण्यास सवयीने तयार असतो, यावर त्याची रुची बऱ्याच अंशी ठरते.

ऑडन आणि विल्सन यांचा वाद या प्रकाशात पाहावा. ऑडन यांचे मन उत्तरेकडील सागांवर पोसलेले होते. ऑक्सफर्डला असताना त्यांनी टॉल्किन यांची व्याख्याने ऐकली होती. १९३७ मध्ये 'लेटर्स फ्रॉम आइसलँड' हे पुस्तक त्यांनी लुई मॅकनीस यांच्याबरोबर लिहिले. टॉल्किन ज्या ठेव्यातून उचल घेत होते तो ऑडन यांच्यापाशी आधीपासूनच होता. विल्सन यांचा सारा भार हृदयसंवादावर, व्यक्तिरेखेच्या अंतरंगावर आणि शैलीच्या सूक्ष्मतेवर होता. १९४५ मध्ये त्यांनी रहस्यकथांची आणि लव्हक्राफ्टच्या भयकथांचीही अशीच वासलात लावली होती. म्हणजे त्यांची रुची बेभरवशाची नव्हती. ती सुसंगत होती आणि अरुंद होती. कालिदासाची दोन्ही विधाने येथे लागू पडतात.

४

विज्ञानकथेच्या आरंभकाळीच हा आधारांचा झगडा उघड झाला होता. ज्यूल व्हेर्न यांनी १८६५ च्या कादंबरीत आपले प्रवासी फ्लोरिडातील एका प्रचंड तोफेतून चंद्राकडे उडवले. एच. जी. वेल्स यांनी १९०१ मध्ये चंद्रावर माणसे पाठवली ती गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या 'कॅव्होराइट' नावाच्या काल्पनिक द्रव्याच्या साहाय्याने. १९०३ मध्ये एका मुलाखतकाराने दोघांची तुलना केली तेव्हा वृद्ध व्हेर्न चिडले. आपण भौतिकशास्त्राचा उपयोग करतो, तर वेल्स नुसते शोध कल्पितात, असा त्यांचा आक्षेप होता. असा धातू असेल तर तो दाखवावा, असे आव्हानच त्यांनी दिले.

वरवर पाहता व्हेर्न यांची बाजू बळकट वाटते. परंतु त्यांच्या तोफेचा विचार केला तर काय दिसते? तेवढ्या अंतरात तेवढा वेग मिळवणाऱ्या गोळ्यातील माणसे पहिल्याच क्षणी चिरडून मेली असती. म्हणजे व्हेर्न यांचे भौतिकशास्त्रही वाचकाला चंद्राजवळ नेऊ शकत नव्हते. वाचकाला नेत होता तो भौतिकशास्त्राचा स्वर: मापे, वजने, खर्चाचे अंदाज, धातूंची चर्चा. ही विज्ञानाची प्रसिद्धी होती. विज्ञान स्वतः नव्हे. वेल्स यांनी वेगळी युक्ती केली. आपल्या विज्ञानकथांच्या १९३३ मधील संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी ती स्पष्ट केली आहे. एकच अशक्य गोष्ट वाचकाच्या गळी उतरवायची आणि त्यानंतर बाकी सारे घरगुती, मानवी आणि खरेखुरे ठेवायचे. त्यांनी पहिल्या पावलापुरती विज्ञानाची प्रसिद्धी वापरली आणि नंतरचा सारा भार हृदयसंवादावर टाकला. म्हणून ज्याला मापे आवडतात त्याला वेल्स भोंगळ वाटतात, आणि ज्याला माणसे आवडतात त्याला व्हेर्न कोरडे वाटतात. दोघांचेही वाचन खरे आहे. व्हेर्न यांची चंद्रावरची सफर कृ. ना. आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकातून १९०० च्या सुमारास मराठीत आली, हे येथे लक्षात घ्यावे. कोचीन येथे सुरू झालेल्या एका मराठी मासिकाने या नव्या प्रसिद्धीची ओळख आपल्या वाचकांना करून दिली, ही गोष्ट प्रदेशांच्या सीमा साहित्याला किती कमी अडवतात याची साक्ष आहे.

चित्रपटाने हा झगडा अधिक तीव्र केला, कारण चित्रपट स्पष्टीकरण वगळूही शकतो. आर्थर सी. क्लार्क आणि स्टॅन्ली कुब्रिक यांनी '२००१: अ स्पेस ओडिसी'चे कथानक एकत्र बसून घडवले, १९६८ मध्ये चित्रपट आणि कादंबरी दोन्ही प्रसिद्ध झाली. कादंबरीत काळ्या शिळेचे प्रयोजन सांगितलेले आहे. यानावरील संगणक बिघडतो तो त्याला दिलेल्या परस्परविरोधी आज्ञांमुळे, हेही तेथे कळते. कुब्रिक यांनी हे सारे मौनात ठेवले. चित्रपटाचा आरंभीचा दीर्घ भाग आणि अखेरचा भाग यांत संवादच नाहीत. परिणामी एकाच कथेचे दोन वेगळे रसिकवर्ग तयार झाले. क्लार्क यांच्या वाचकाला कार्यकारणाची साखळी हवी असते, आणि ती मिळाल्यावर त्याचा विस्मय वाढतो. कुब्रिक यांच्या प्रेक्षकाचा विस्मय त्या साखळीच्या अभावावर जगतो. एकाला ज्ञानातून विस्मय होतो, दुसऱ्याला अज्ञेयातून. अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय आहे असे भरताने सांगितले. पण विस्मयाला जाग आणणारे विभाव दोघांसाठी भिन्न आहेत.

स्तानिस्लाव लेम आणि आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा वाद याहूनही बोलका आहे. लेम यांची 'सोलारिस' ही पोलिश कादंबरी १९६१ ची. ती नायकाच्या अंतराळप्रवासापासून सुरू होते आणि माणसाला कधीच न कळणाऱ्या एका महासागररूपी बुद्धीशी त्याची गाठ घालून देते. तार्कोव्हस्की यांचा १९७२ चा चित्रपट पृथ्वीवर सुरू होतो: तळे, पाणवनस्पती, वडिलांचे घर. लेम यांनी उपहासाने म्हटले की तार्कोव्हस्की यांनी 'सोलारिस' केलाच नाही, 'गुन्हा आणि शिक्षा' केला. हा उपहास असला तरी निदान अचूक आहे. लेम यांना अज्ञेयाच्या सीमेवर थांबणारी बुद्धी हवी होती. तार्कोव्हस्की यांना अपराधाच्या जाणिवेने जागे झालेले हृदय हवे होते. मूळ लेखक म्हणून लेम यांचा अधिकार मोठा असला, तरी त्या अधिकाराने प्रेक्षकाचा हृदयसंवाद खोटा ठरत नाही. ग्रंथ आणि त्यावरचा चित्रपट यांतील निवड ही पुष्कळदा निष्ठेचा प्रश्न म्हणून मांडली जाते. वास्तविक ती आधाराची निवड असते.

५

मराठीत या प्रश्नाला एक खास वळण मिळाले आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि तो लेखक म्हणजे आद्याक्षरे उलटी करून लिहिणारे जयंत विष्णू नारळीकर आहेत हे नंतर उघड झाले. १९७९ च्या 'यक्षांची देणगी' या संग्रहापासून नारळीकरांच्या कथांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा ही प्रतिष्ठा एका अर्थाने पूर्ण झाली. त्यांचे निधन २०२५ मध्ये झाले. या प्रतिष्ठेबरोबर एक कसोटीही रूढ झाली: विज्ञान काढून घेतल्यावर कथा उभीच राहता कामा नये. ही कसोटी उपयुक्त आहे, कारण यंत्रमानव आणि यान यांची केवळ वेषभूषा केलेल्या कथा तिने वेगळ्या पडतात. पण तिच्यामुळे वाचकांत दोन तट पडले. काहींना ही कथा व्याख्यानाची बहीण वाटते. काहींना तिच्या शेजारी धारपांची कथा अंधश्रद्धेची बहीण वाटते.

नारळीकरांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे उदाहरण घेतले तर ही तटबंदी किती कच्ची आहे ते दिसते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोचतात, जेथे १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले. परतल्यावर त्यांच्यापाशी पुरावा असतो तो बखरीच्या एका फाटक्या पानाचा. स्पष्टीकरण पुंजसिद्धांतातील अनिश्चिततेच्या आधारे दिले जाते. ही विज्ञानकथा आहे यात शंका नाही. परंतु मराठी वाचकाला ती जेथे पकडते ती जागा कोणती? 'विश्वास पानिपतच्या लढाईतच गेला' असे जी भाषा सहज गंमतीने म्हणते, त्या भाषेच्या वाचकापाशी पानिपताचा प्रत्यय आधीच खोल रुजलेला असतो. लेखकाने विज्ञानाची प्रसिद्धी आणि इतिहासाची प्रसिद्धी एकाच वेळी वापरली आहे. ही कथा 'द ॲडव्हेंचर' या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेली आणि देशभरातील विद्यार्थ्यांनी वाचली. ज्या विद्यार्थ्याच्या घरात पानिपत हा शब्द पराभवाचा पर्याय म्हणून वापरला जात नाही, त्याला त्या कथेचा अधिक भार विज्ञानाच्या स्पष्टीकरणावर टाकावा लागतो. कथा तीच, पण दोन्ही वाचकांच्या आस्वादाचे वजन वेगवेगळ्या ठिकाणी पडते. भाषांतराने शब्द पोचतात. प्रसिद्धी पोचतेच असे नाही.

याच्या शेजारी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट ठेवावा. त्याच्या मुळाशी धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि नावात श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण आहे. हस्तर हे त्यातील दैवत कोणत्याही पुराणात नाही. म्हणजे रामनामाचा आधार येथे नाही आणि विज्ञानाचाही नाही. चित्रपटाने आपली प्रसिद्धी स्वतःच निर्माण केली आहे. ती कोकणातल्या न थांबणाऱ्या पावसाने, पडक्या वाड्याने, आणि मुख्यतः नियमांनी: हस्तराची भूक कशाची, कणकेची बाहुली कशासाठी, मर्यादा ओलांडली तर काय. नियम पाळले जातात म्हणून विश्वास बसतो. आणि नियमाच्या आत माणसाचा लोभ आहे म्हणून हृदयसंवाद होतो. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने २०२४ मधील पुनःप्रदर्शनात पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. रुची ही स्थिर वस्तू नसून ती घडते, कधीकधी सहा वर्षांतही घडते, याचा हा पुरावा मानता येईल. दरम्यानच्या काळात प्रेक्षकांनी एकमेकांशी बोलून या चित्रपटाभोवती एक प्रसिद्धी उभी केली होती.

६

रुचिभेदाची कारणे अशी समजून घेतली म्हणजे सर्व कृती सारख्याच चांगल्या ठरतात काय? मुळीच नाही. येथे आवड आणि मूल्यनिर्णय यांतील सीमारेषा आखता येते. कोणता आधार घ्यावा, हे कलावंताचे स्वातंत्र्य आहे. त्या आधारावर मन टेकावे की नाही, हे रसिकाचे. परंतु एकदा घेतलेला आधार मध्येच सोडणे हा कृतीचा दोष आहे आणि तो कोणत्याही रुचीच्या वाचकाला दाखवून देता येतो. कार्यकारणाची भाषा बोलणारी विज्ञानकथा अखेरच्या प्रकरणात आकाशातून पडलेल्या यंत्राने पेच सोडवीत असेल, तर ती फसलेली आहे. जादूला किंमत असते असे सांगणारी अद्भुतकथा नायकावर संकट येताच त्याला फुकटची नवी शक्ती देत असेल, तर तीही तितकीच फसलेली आहे. उलट एखादी कृती आपल्याला आवडली नाही तरी तिने आपले वचन पाळले आहे, हे मान्य करण्याचे सौजन्य समीक्षकापाशी असावयास हवे. विल्सन यांच्या परीक्षणात उणीव आहे ती नावडीची नव्हे. आपल्या नावडीलाच त्यांनी कृतीचे मोजमाप मानले, ही ती उणीव आहे.

सहृदयाची व्याख्या करताना अभिनवगुप्ताने काव्याच्या अनुशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ होण्याची अट घातली आहे. या अटीचा एक परिणाम आपण सहसा ध्यानात घेत नाही. एका प्रकारच्या काव्याच्या अनुशीलनाने स्वच्छ झालेला आरसा दुसऱ्या प्रकारचे प्रतिबिंब घेईलच अशी हमी नाही. सहृदयता सरसकट येत नाही. ती अभ्यासाने, प्रकाराप्रकाराने वाढवावी लागते. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याने आपल्या नावडीच्या प्रकारातील उत्तम कृती अभ्यासून पाहावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. अभ्यासानंतरही नावड उरली तर ती इंदुमतीची नावड होय, आणि तिचा आदर केला पाहिजे. अभ्यासापूर्वीची नावड म्हणजे नुसते अपरिचय.

हा विवेक केवळ साहित्यापुरता महत्त्वाचा नाही. प्रसिद्धीचे आधार परस्परांपासून वेगळे ओळखता येणे ही आज सार्वजनिक जीवनाचीही गरज झाली आहे. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात राम पुष्पकातून सीतेला समुद्र आणि भूमी दाखवतो. संस्कृत वाङ्मयातील अद्भुताच्या परमावधीचे हे एक स्थळ आहे. ते वाचताना कोणाही रसिकाला इंधनाची चौकशी करावीशी वाटत नाही. मात्र जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याला 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार घेतला गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच हा ग्रंथ तपासून तो विसाव्या शतकाच्या आरंभी रचला गेल्याचे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत असे दाखवून दिले होते. येथे हानी केवळ विज्ञानाची झाली नाही. पुराणकथेला विज्ञानाची उसनी प्रसिद्धी देऊ पाहणाऱ्याचा मूळ प्रसिद्धीवरचा विश्वासच डळमळलेला असतो. पुष्पकाला खरे विमान ठरवताना आपण कालिदासाच्या आकाशातून खाली उतरतो, आणि शास्त्राच्या आकाशातही पोचत नाही.

चांगला अद्भुतकथाकार आणि चांगला विज्ञानकथाकार हा संकर करीत नाहीत. आपण कशाच्या आधारावर उभे आहोत हे त्यांना ठाऊक असते आणि ते वाचकापासून लपवत नाहीत. रसिकानेही तेवढेच प्रामाणिक असावे. एखादी कृती आवडली किंवा नावडली असे म्हणून न थांबता, आपला विश्वास कोठे बसला, कोठे उडाला आणि तो उडण्यास कृती जबाबदार की आपला अनभ्यास, एवढे त्याने सांगावे. असे सांगणारी दोन माणसे समोरासमोर बसली तर त्यांची मते एक होतीलच असे नाही. परंतु त्यांच्या मतभेदातून त्या कृतीविषयी, आणि परस्परांविषयीही, काहीतरी नवे कळेल. भिन्न रुचीच्या समाजात समीक्षेने करावयाचे काम हेच आहे.